धड्यात नसलेल्या मादाम क्युरी

आमच्या शाळेच्या पुस्तकात मादाम क्युरींचा धडा होता. गळकी शेड, ढवळून ढवळून उकळलेले खनिज, अंधारात चमकणारे रेडियम, दोन नोबेल. तिथे धडा संपायचा. त्यापुढच्या मादाम मला फार उशिरा, चरित्रे वाचताना भेटल्या. खरे सांगायचे तर मला त्याच अधिक जवळच्या वाटतात.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या. पती पिएर १९०६ मध्येच अपघातात गेले होते. १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सभासदत्व नाकारले होते. जर्मन फौजा पॅरिसच्या रोखाने येऊ लागल्या, तशा मादाम जवळचे एक ग्रॅम रेडियम शिशाच्या पेटीत घालून आगगाडीने बोर्दोला ठेवून आल्या.

जखमी शिपायाच्या अंगात गोळी नेमकी कुठे आहे, हे क्ष-किरण दाखवत. पण यंत्रे शहरांत आणि जखमी आघाडीवर! मादामनी यंत्रच मोटारीत चढवले आणि इंजिनावर डायनामो फिरवून वीज घेतली. मोटारी मिळवल्या त्या धनिक स्त्रियांकडे मागून. अशा सुमारे २० गाड्या आणि २०० कायम केंद्रे उभी राहिली. १९१६ मध्ये त्यांनी स्वतः गाडी चालवण्याचा परवानाही काढला.

पण यंत्र चालवणार कोण? पुरुष तर खंदकांत. तेव्हा रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बायकांचे वर्ग सुरू केले. वीज, क्ष-किरण, शरीररचना असे विषय. शिकवायला मदतीला विशीही न गाठलेली लेक इरेन. सुमारे १५० जणी तयार होऊन कामावर रुजू झाल्या. हल्ली इस्पितळात आपला फोटो काढणारी बाई दिसली, तर आपण वळूनही पाहत नाही. त्या काळी मात्र जखमींच्या तळावर विजेचे यंत्र हाताळणारी बाई ही अपूर्वाईच होती.

किरणांपासूनचे संरक्षण तेव्हा तोकडे होते. १९३४ मध्ये मादाम रक्तक्षयाने गेल्या, १९५६ मध्ये इरेन रक्ताच्या कर्करोगाने.

फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांत युद्धकाळात ४ लाखांहून अधिक स्त्रिया राबत होत्या. १९१८ मध्ये तह होताच सरकारने त्यांना महिन्याचा पगार देऊ करून घरी जायला सांगितले. मतदानाचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले. आणि अकादमी? १९३५ साली नोबेल मिळवणाऱ्या इरेनलाही तिने आत घेतले नाही. तिथे पूर्ण सभासद म्हणून पहिली स्त्री निवडली गेली ती १९७९ साली.