आंबोलीच्या रानातला आवाज

सावंतवाडीहून गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाला इन्सुलीचे नाव आज बहुधा अबकारी खात्याच्या तपासणी नाक्यामुळेच ठाऊक असते. घाट उतरला की बांदा, बांद्यापुढे पत्रादेवी आणि तेथे गोव्याची हद्द. बाटल्यांचा शोध घेणाऱ्या त्या नाक्यावर खोळंबलेल्या किती जणांना या रस्त्याची जुनी ओळख असेल, हा प्रश्नच आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या याच मुलखातून हद्द ओलांडून गेल्या आणि पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नैलसिंग पोर्तुगीजांच्या गोळीने पडला. त्या दिवसाच्या गोळीबारात वीसांहून अधिक सत्याग्रही प्राणास मुकले. पुढे हद्द बंद झाली. कॅसलरॉकहून मुरगावकडे उतरणारी आगगाडी थांबली, व्यापार आटला, माणसांची ये-जा जवळजवळ संपली. जे नाक्यावर अडवता येत नाही असे एकच वाहन उरले होते, ते म्हणजे रेडिओ. त्या वाहनावर स्वार झालेले गृहस्थ म्हणजे वामन सरदेसाई.

१९२३ साली जन्मलेल्या सरदेसायांची पिढी ज्या गोव्यात वाढली, तेथे बोलण्यालाच बंदी होती. १९३० च्या वसाहत कायद्याने सालाझारच्या राजवटीने गोमंतकीयांना दुय्यम ठरविले होते. लग्नपत्रिका छापायची तरी ती सेन्सॉरच्या नजरेखालून जावी, अशी त्या काळची ख्याती होती. कोकणी भाषेची अवस्था तर त्याहून जुनी. १६८४ मध्ये व्हाइसरॉयच्या फर्मानाने तिच्यावर घातलेल्या निर्बंधांची छाया पुढील कित्येक पिढ्यांवर राहिली. पणजीत पोर्तुगीजांचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. लिस्बनला जे ऐकवायचे असेल तेच त्यावरून ऐकू येई. भारतात उपासमार चालली आहे आणि गोवेकर पोर्तुगीज छत्राखाली सुखी आहेत, हा त्या प्रचाराचा ठरलेला सूर होता.

त्याला उत्तर द्यायचे तर सभेने किंवा पत्रकाने भागणारे नव्हते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव ‘व्हॉज द लिबर्दाद’, कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. सामग्री एका ट्रकवर बसविलेली होती. आरंभी सरदेसायांबरोबर निकोलाव मिनेझिस होते. लवकरच लिबिया लोबो ही तरुणी येऊन मिळाली. महायुद्धाच्या काळात इटालियन युद्धकैद्यांच्या पत्रांचे भाषांतर करण्याचे काम तिने केले होते, मुंबईत आकाशवाणीतही नोकरी केली होती. मुंबईतला स्थिर संसार आणि पुढची वकिली सोडून ती रानात आली, ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हे.

आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यालाच या कामाची कल्पना येईल. महाराष्ट्रात इतका पाऊस क्वचितच कोठे पडत असेल. चार महिने धुके हटत नाही, कपडे वाळत नाहीत, कागदाला बुरशी येते. त्यात साप, जनावरे आणि माणसांचा अभाव. शेजारपाजार नाही, पत्ता सांगायचा नाही, आपण काय करतो हे आप्तांनाही कळू द्यायचे नाही. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलले, पण वनवास तोच राहिला. नाटकातला नट निदान टाळ्या ऐकतो. येथे समोर कोणी नाही, आपला शब्द कोणाच्या कानी पडला की हवेत विरला हेही कळण्याचा मार्ग नाही, आणि तरी उद्याची संहिता आज लिहून ठेवायची. असे सहा वर्षे चालले.

काय सांगत असत ते? संयुक्त राष्ट्रसंघात पोर्तुगालविषयी काय बोलले गेले, भारतीय संसदेत गोव्याच्या प्रश्नावर काय झाले, आफ्रिकेतील वसाहती कशा हलू लागल्या आहेत, लिस्बनच्या पत्रांनी कोणती गोष्ट दडविली. १९५१ साली सालाझारने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. या शब्दच्छलाला उत्तर पोर्तुगीज भाषेतच देणे भाग होते, कारण अधिकारी आणि सुशिक्षित वर्ग त्याच भाषेत विचार करीत असे. कोकणी प्रक्षेपण खेड्यातल्या माणसासाठी होते. ज्या भाषेला शाळेच्या दारात उभे केले गेले नव्हते, तिच्यातून राजकारण, जागतिक घडामोडी आणि हक्कांची चर्चा रोज ऐकू येऊ लागली. या नभोवाणीमुळे गोवा सुटला असे म्हणणे धाडसाचे होईल. दिल्लीचे धोरण बराच काळ सावध होते आणि शेवटी सैन्यच गेले. परंतु सेन्सॉरच्या भिंतीत इतकी वर्षे एक भोक उघडे राहिले, त्याचे श्रेय या आवाजाचेच आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये फौजा सरहद्दीवर जमल्या, तेव्हा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी रक्तपात टाळून शरण यावे, हे आवाहन याच केंद्रावरून पुन्हापुन्हा केले गेले. सालाझारचा हुकूम अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. सिल्व्हा यांनी तो मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पदरी बदनामी घेऊन शहर वाचविणाऱ्या त्या सेनानीविषयीही दोन शब्द बरे बोलले पाहिजेत. शरणागतीनंतर सरदेसाई आणि लिबिया लोबो हवाई दलाच्या विमानात चढले. विमानावर ध्वनिक्षेपक बसविलेला होता. गोव्याच्या गावांवरून, नद्यांवरून घिरट्या घालीत त्यांनी पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत मुक्तीची वार्ता सांगितली, पत्रके टाकली. सहा वर्षे लपून बोललेला आवाज त्या दिवशी प्रथमच उघड्या आकाशातून ऐकू आला.

केंद्राचे काम संपले. तीन वर्षांनी, १९६४ च्या १९ डिसेंबरलाच, ही दोघे विवाहबद्ध झाली. लिबिया सरदेसाई पुढे गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. वामन सरदेसाई भारताचे राजदूत म्हणून अंगोलात गेले. ज्या अंगोलाच्या उठावाच्या बातम्या १९६१ साली रानातून वाचल्या जात, तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाला होता. १९९२ साली सरदेसायांना पद्मश्री मिळाली आणि १९९४ मध्ये ते वारले. लिबिया सरदेसाई यांना तोच सन्मान मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले, तेव्हा त्या शंभरीला पोहोचल्या होत्या.