आवडीच्या वस्तूचे दान

मकरसंक्रांत हे दानाचे पर्व. तीळ, वस्त्र, सुगडातले नवे धान्य यांचे दान या दिवशी घरोघरी होते. परंतु दानाचीही एक वरची पायरी आपल्या परंपरेने मानली आहे. काशीयात्रेस गेलेला यात्रिक आपल्या आवडीचे एखादे फळ वा भाजी कायमची सोडून येतो, ती याच भावनेने. घरात उरलेले देणे सोपे असते. जिवाला लागलेले सोडणे कठीण. अलीकडे बहुधा ज्या तारखेस संक्रांत येते, त्या १४ जानेवारीस, १८७५ साली जन्मलेल्या एका परदेशी सत्पुरुषाने हे कठीण दान केले. ते म्हणजे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर. आफ्रिकेतील रुग्णसेवेमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या सेवेचे पोषण ज्या वाद्याने केले, त्याची कथा तितकी परिचित नाही.

त्यांचा जन्म त्या वेळी जर्मन साम्राज्यात असलेल्या आल्सेस प्रांतातील कायझर्सबर्ग येथे झाला. वडील गुन्सबाख या खेड्यात धर्मोपदेशक होते. अल्बर्ट नऊ वर्षांचे असतानाच गावच्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी ऑर्गन वाजवू लागले.

ऑर्गन म्हटले की आपल्यापुढे संगीत नाटकांच्या साथीचे, पायाने भाता मारून वाजवायचे वाद्य उभे राहते. चर्चमधील ऑर्गन याहून फार निराळा. त्यात शेकडो, कधी हजारो नळ्या भिंतीसारख्या उभ्या असतात. भात्यातील वारा त्यांत सोडला की स्वर उमटतो. हातांसाठी दोन-तीन स्वरपट्ट्या आणि पायांसाठी लाकडी पट्ट्यांची आणखी एक, अशा चहूअंगांनी वादक गुंतलेला असतो. पाश्चात्त्य देशांतील अनेक विद्यापीठांच्या प्रार्थनामंदिरांत आजही मध्यान्हीच्या सुट्टीत असे अर्धा-पाऊण तासाचे वादन होते. विद्यार्थी, अध्यापक आणि वाटसरू येऊन निःशब्द बसतात. बहुधा प्रवेशमूल्य नसते. दाराशी दानपात्र असते. श्वाइट्झर यांची वाद्यसाधना याच परंपरेत वाढली.

१८९३ साली ते स्ट्रासबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान शिकण्यासाठी गेले. त्याच वर्षी पॅरिसमधील विख्यात वादक शार्ल-मारी विदोर यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. त्यांचे आराध्य संगीतकार म्हणजे योहान सेबास्टियन बाख. आपल्या पोथ्यांच्या शेवटी जसे कृष्णार्पण लिहिलेले असते, तसे बाख आपल्या अनेक रचनांच्या अंती सारा गौरव केवळ ईश्वराचा, असे सुचविणारी तीन अक्षरे लिहीत. ही वृत्ती श्वाइट्झर यांच्या अंतःकरणात रुजली. १९०५ साली त्यांनी बाखवर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला आणि १९०८ साली तो जर्मनमध्ये विस्तारून प्रसिद्ध केला. स्ट्रासबर्गच्या संत थॉमस चर्चमधील १७४१ सालचा जुना ऑर्गन त्यांच्या प्रयत्नाने १९०९ मध्ये दुरुस्त झाला. बाखच्या पुण्यतिथीस, २८ जुलै रोजी, तेथे वादन करण्याचा प्रघातही त्यांनीच त्या वर्षी सुरू केला.

तथापि वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी मनोमन एक संकल्प केला होता. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व कला यांची उपासना करावी आणि त्यानंतर प्रत्यक्ष मानवसेवेस वाहून घ्यावे, असा तो संकल्प. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी तो आप्तेष्टांस पत्रांनी कळविला. विषुववृत्तीय आफ्रिकेत वैद्य म्हणून जाण्याचे त्यांनी ठरविले होते. घरात, मित्रमंडळीत विरोध उसळला. एवढी विद्या आणि एवढी कला अरण्यात नेऊन पुरावयाची काय, असा सर्वांचा सूर होता. गुरू विदोरही रागावले. श्वाइट्झर ढळले नाहीत. अध्यापक असता ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. वैद्यकीच्या अंतिम परीक्षेचे शुल्क त्यांनी म्युनिकच्या संगीतोत्सवात ऑर्गन वाजवून मिळविले.

१९१३ साली पत्नी हेलेन यांच्यासह ते गॅबनमधील ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे पोहोचले. कोंबड्यांचे एक खुराडे साफसूफ करून त्यात पहिला दवाखाना सुरू झाला. निघताना त्यांनी तीन गोष्टींवर पाणी सोडले होते : ऑर्गन, विद्यापीठातील अध्यापन आणि स्वकष्टाच्या मिळकतीचे स्वातंत्र्य. त्यांत पहिली सर्वांत प्रिय होती. पॅरिसच्या बाख मंडळाने, आपल्या या वादकाच्या दीर्घ सेवेची आठवण म्हणून, ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेला, दमट हवेत टिकणारा एक पियानो भेट दिला होता. पण आता सराव कशासाठी, बोटे गंजून गेली तर विरह सोसणे सोपे जाईल, असे त्यांना वाटे. एका संध्याकाळी खिन्न मनाने बाखची एक रचना वाजवीत असता त्यांना एकाएकी उमगले की येथील मोकळे क्षण हेच साधनेचे क्षण आहेत. मग दिवसाची रुग्णसेवा आटोपली की अरण्याच्या त्या काळोखात एकेक रचना मुखोद्गत करण्याचा नेम सुरू झाला. ऐकणारे कोणी नव्हते. टाळ्यांची अपेक्षाही नव्हती.

पहिल्या महायुद्धात जर्मन प्रजाजन म्हणून ते फ्रेंचांच्या नजरकैदेत पडले. १९१७ साली त्यांना फ्रान्सला नेण्यात आले. १९१८ मध्ये ते घरी परतले ते आजारी, कर्जबाजारी आणि निराश होऊन. रुग्णालय पुन्हा उभे राहण्याची आशा मावळली होती. अशा वेळी १९२० साली स्वीडनचे आर्चबिशप नाथान सॉडरब्लूम यांनी त्यांना उप्साला विद्यापीठात व्याख्यानांसाठी बोलाविले. त्या देशात ठिकठिकाणी व्याख्याने देऊन आणि चर्चमधून ऑर्गन वाजवून त्यांनी थोड्याच आठवड्यांत निकडीची कर्जे फेडली. अरण्यातल्या एकांतात जपलेली कला आता रुग्णांची अन्नदात्री झाली. १९२४ मध्ये ते लांबारेनेस परतले आणि १९२७ साली नवे, मोठे रुग्णालय उभे राहिले. पुढेही युरोपात आले की ते वादन करीत व मिळकत औषधांकडे वळवीत. १९५२ सालच्या नोबेल शांतता पुरस्काराची रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लागली.

जीवमात्राविषयी आदर हे त्यांच्या विचाराचे सूत्र आपल्या अहिंसेच्या निकटचे होते. भारतीय विचारवंतांवर त्यांनी १९३५ साली ग्रंथ लिहिला. भारतीय चिंतन संसारविन्मुख आहे, हे त्यातील प्रतिपादन डॉ. राधाकृष्णन यांनी साधार खोडून काढले. आफ्रिकी बांधवांविषयीच्या त्यांच्या वडीलकीच्या दृष्टीवरही पुढे रास्त टीका झाली. सत्पुरुषही आपल्या काळाच्या मर्यादांपासून सर्वस्वी मुक्त नसतात. परंतु ४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला तो लांबारेनेतच, आपल्या रुग्णांच्या सान्निध्यात.

त्यांनी सोडलेल्या तिन्ही गोष्टी पुन्हा त्यांच्याकडे आल्या. कला आली, विद्यापीठांची व्यासपीठे आली, स्वकष्टाचे धनही आले. मात्र ती आली तेव्हा त्यांवर त्यांची मालकी उरली नव्हती. ती रुग्णांची झाली होती. त्यागपूर्वक भोगाचा जो उपदेश ईशोपनिषद करते, त्याचे हे परदेशी भूमीतले उदाहरण होय. आज वाण देताना, आपल्या ठायी असलेली सर्वांत प्रिय कला वा विद्या कोणाच्या उपयोगी पडेल, एवढा विचार प्रत्येक घरी झाला, तरी या पर्वाचे सार्थक होईल.