रूळ दिल्लीचे, गर्दी कलकत्त्याची

फाळणीला जेमतेम दोन वर्षे झाली होती. पूर्व बंगालमधून येणाऱ्या निर्वासितांनी सियालदह स्थानकाचे फलाट व्यापले होते. अशा १९४९ सालात पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी फ्रेंच तज्ज्ञांकडून कलकत्त्यातील भुयारी रेल्वेसाठी पाहणी करून घेतली. भारतात तोवर अशी रेल्वे कोठेही नव्हती. पाहणीतून काही निष्पन्न झाले नाही आणि पहिली गाडी धावण्यास १९८४ साल उजाडले. या पस्तीस वर्षांच्या विलंबाचे कारण केवळ तिजोरीतील खडखडाटात शोधून चालणार नाही. राज्यघटनेने रेल्वे केंद्राच्या सूचीत ठेवली आणि रस्ते व शहरातील ट्राम राज्यांकडे सोपविली. रॉय यांची कारकीर्द या विभागणीच्या फटीतून गेली.

१ जुलै १८८२ रोजी पाटण्यातील बांकीपूर येथे जन्मलेले रॉय पेशाने डॉक्टर. लंडनमध्ये एमआरसीपी आणि एफआरसीएस या दोन्ही पदव्या संपादून ते १९११ मध्ये परतले. १९२३ च्या निवडणुकीत त्यांनी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा पराभव केला. १९३१ ते १९३३ या काळात ते कलकत्त्याचे महापौर होते. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये १९४३ साली गांधीजींनी उपवास केला, तेव्हा त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांतही ते होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि मुख्यमंत्री झाल्यावरही सकाळी रुग्ण तपासण्याचा परिपाठ मोडला नाही.

त्याच वर्षी जुलैअखेर कलकत्त्याच्या रस्त्यांवर सरकारी बस आली. मुंबईत ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने ‘बेस्ट’ ताब्यात घेतली होती. रॉय यांनी मात्र स्वतः महापौरपद भूषविलेले असूनही ही जबाबदारी महापालिकेकडे न सोपविता राज्य सरकारकडे घेतली. निर्णय वेगाने झाला खरा. पण त्यामुळे शहराच्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब थेट मुख्यमंत्र्यांच्या दारात येणार, हेही ठरून गेले.

ट्राम हे दुसरे दुखणे. ती चालवीत होती लंडनमध्ये नोंदलेली खासगी कंपनी. १९५१ च्या करारान्वये आणि कायद्यान्वये ती विकत घेण्याचा हक्क राज्याला मिळाला, पण तो बजावण्यासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागणार होते. कंपनी परकी, भाडेवाढीचा रोष मात्र स्वदेशी सरकारवर, अशी ही रचना होती. जुलै १९५३ मध्ये कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले आणि शहर पेटले. ट्रामगाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांनी गोळीबार केला, ज्योती बसूंसह विरोधी नेत्यांना अटक झाली. रॉय त्या दिवसांत युरोपात होते. अखेर वाढ स्थगित करावी लागली. एक पैसा ही रक्कम प्रशासनाच्या दृष्टीने क्षुल्लक असेल. निर्वासित वसाहतीतून रोज कामावर जाणाऱ्या माणसाला ती तशी वाटली नाही. रॉय यांच्यासारख्या जाणत्या प्रशासकालाही हे वेळीच उमगले नाही, हे त्यांच्या कारकिर्दीतील एक ठळक उणेपण मानावे लागेल. ज्योती बसू उपमुख्यमंत्री असलेल्या सरकारने १९६७ मध्ये ट्रामचे व्यवस्थापन ताब्यात घेतले.

बस हाती होती, ट्राम अर्धीमुर्धी; उपनगरी रेल्वे मात्र पूर्णतः केंद्राची. मुंबईत विजेवरील लोकल १९२५ पासून धावत होती. हावड्याहून तशी गाडी सुटली १९५७ मध्ये.

शहर आहे तेथेच फुगू देण्याऐवजी त्याला बाजूला सरकवावे, याकडे रॉय यांचा ओढा होता. कल्याणी आणि दुर्गापूर ही नगरे त्यांचीच निर्मिती. १९६१ मध्ये महानगर नियोजन संघटना स्थापन झाली. पूर्वेकडील खाऱ्या दलदलीत भर घालून सॉल्ट लेक हे उपनगर वसविण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १ जुलैला, ऐंशिव्या वाढदिवशी, रॉय यांचे निधन झाले. पुढे या उपनगराला बिधाननगर हे नाव मिळाले.

भुयारी रेल्वेची फाईल पुन्हा हलली ती रेल्वे मंत्रालयाने १९६९ मध्ये महानगर वाहतूक प्रकल्प उभारल्यावर. १९७१ च्या आराखड्यात ९७.५ किलोमीटरचे जाळे होते. त्यातील दमदम ते टॉलीगंज या मार्गाची कोनशिला २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधी यांनी बसविली; तरी १९७७-७८ पर्यंत निधी नाममात्रच मिळत राहिला. दिल्लीत १९९५ मध्ये मेट्रो महामंडळ स्थापन झाले, तेव्हा केंद्र आणि दिल्ली सरकार यांचे भांडवल समसमान ठेवण्यात आले. रॉय यांच्या काळात असा कोणताही साचा उपलब्ध नव्हता. दिल्लीतील संबंधित खात्यांच्या अधिकाऱ्यांना हा फरक वेगळा सांगण्याची गरज नाही.

१९७१ च्या त्याच आराखड्यात बिधाननगरहून हुगळीपलीकडे रामराजातलापर्यंत जाणारा मार्गही होता. तो बदललेल्या रूपात टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये सॉल्ट लेक सेक्टर पाच ते हावडा मैदान असा सलग झाला. नदीखाली शिरण्यापूर्वीचे त्याचे शेवटचे स्थानक महाकरण. म्हणजे रायटर्स बिल्डिंग, जेथून रॉय साडेचौदा वर्षे राज्यकारभार पाहत होते.