उच्चार लिहून ठेवणारा पॉल पासी

शाळेत फ्रेंच घेतलं तेव्हा 'ते बोलतात' याचं क्रियापद मी दिसलं तसं वाचलं, 'पार्लेंट'! अख्खा वर्ग हसला. शेवटचं ईएनटी फक्त लिहायचं असतं. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, तिन्हींचं स्पेलिंग वेगळं, पण उच्चार एकच: 'पार्ल', एका झटक्यात. आणि 'पार्ले' म्हटलं तर तुम्ही बोलता, बोलणे की बोललेलं, नुसतं ऐकून कळत नाही. (आपल्याला तर बिस्किटच आठवणार.)

मित्रांनो, डिक्शनरीत शब्दापुढे जी विचित्र चिन्हं असतात ना, ती या घोळावर आयुष्य घालवणाऱ्या पॉल पासीच्या मंडळींची. जन्म १८५९, व्हर्साय. वडील फ्रेदेरिक पासी म्हणजे १९०१ चं शांततेचं पहिलं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतले एक. पॉल लहानपणीच इंग्रजी, जर्मन, इटालियन शिकला, पुढे संस्कृतही. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी त्याने दहा वर्षं इंग्रजी शिकवणं पत्करलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, पोरांना आधी आवाज शिकवा, स्पेलिंग नंतर.

१८८६ मध्ये पॅरिसमध्ये काही भाषाशिक्षकांना घेऊन त्याने संघटना काढली. १८८८ मध्ये लिपी आली. अर्थ बदलणाऱ्या प्रत्येक आवाजाला स्वतंत्र चिन्ह, मुक्या अक्षरांना सुट्टी. संघटनेचं मासिकसुद्धा याच लिपीत छापायचे, अगदी १९७० पर्यंत!

अशी लिपी हाताशी असली की क्रियापदांची गंमत कळते. 'तो प्रेम करतो' हे 'इ-लेम'. 'ते प्रेम करतात' हे 'इल-झेम'. क्रियापद दोन्हीकडे 'एम'च ऐकू येतं. पण सर्वनामाचा मुका एस जागा होतो, 'झाड'मधला झ बनतो आणि पुढच्या स्वराला चिकटतो. एकवचन की अनेकवचन, सगळं त्या एका झवर!

लंडनचा डॅनियल जोन्स त्याच्याकडेच शिकला. इंग्रजी उच्चारांची त्याची १९१७ ची डिक्शनरी खूप गाजली.

पण पासी नुसता आवाजांत रमणारा नव्हता. १९१३ मध्ये लष्करी सेवा दोनाची तीन वर्षं करणाऱ्या कायद्याला त्याने उघड विरोध केला. बापाचा वारसाच तो. शिकवण्याची नोकरी गेली, तेही चौपन्नाव्या वर्षी. पुढे काही वर्षांनी ती परत मिळाली. मार्च १९४० मध्ये तो वारला, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं.