पाठीच्या कण्यातून मेंदूकडे : डॉ. सुब्बाराव यांच्या औषधाचा प्रवास

रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवले जाते. कमरेजवळ दोन मणक्यांच्या फटीतून बारीक सुई आत शिरते, थेंब थेंब स्वच्छ द्रव बाहेर येतो आणि त्याच सुईतून पिवळसर रंगाचे औषध आत सोडले जाते. मुलांचे आईवडील याला पाठीतले पाणी काढणे म्हणतात. परळच्या टाटा रुग्णालयापासून अमेरिकेतील मेम्फिसपर्यंत हा उपचार वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्या औषधाचे नाव मेथोट्रेक्सेट. ज्या प्रयोगशाळेत ते जन्मले, तेथील संशोधनाची धुरा एका तेलुगू डॉक्टरच्या खांद्यावर होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी गोदावरीच्या परिसरातील भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी ते घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे, असा बेत होता. आईने त्यांना परत आणले. मॅट्रिकची परीक्षाही तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली. पुढे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घातला. ब्रिटिश प्राध्यापकाची मर्जी खप्पा झाली आणि लेखी परीक्षा चांगली देऊनही एम. बी. बी. एस. ऐवजी एल. एम. एस. ही दुय्यम पदवी हाती आली. मद्रास वैद्यकीय सेवेचे दार त्यामुळे बंद झाले. मग आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणे आले. याच तरुण वयात स्प्रू या आतड्याच्या विकाराने घरावर घाला घातला आणि त्यांच्या भावाचा मृत्यू ओढवला.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला पोहोचले. हार्वर्डमध्ये शिकायचे आणि पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करायची, असे ते दिवस होते. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. सुब्बाराव पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत. सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी रक्त व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. ती आजही फिस्के-सुब्बाराव याच नावाने शिकवली जाते. स्नायूंच्या ऊर्जेशी निगडित असलेले फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांवरील त्यांचे कामही याच काळातले. इतके असूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. स्प्रूच्या रुग्णांना त्याने गुण येतो. भावाचा बळी घेणाऱ्या आजारावरचा इलाज असा वीसहून अधिक वर्षांनी हाती लागला. पेशींना विभाजनासाठी फॉलिक ॲसिड लागते, म्हणूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फॉलिक ॲसिडची संयुगे देऊन पाहिली, तेव्हा रोग उलट भडकल्यासारखा त्यांना वाटला. मग फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा, परंतु पेशीला फसवून तिचे विभाजन रोखणारा पदार्थ दिला तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने ॲमिनोप्टेरिन पुरवले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती, पण तोवर या आजारावर उपायच नव्हता.

त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे झोपेतच निधन झाले. वय अवघे ५३ वर्षांचे. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी अखेरपर्यंत घेतले नव्हते. भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले ते जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये.

ॲमिनोप्टेरिनची जागा त्याचेच भावंड असलेल्या, तुलनेने सौम्य मेथोट्रेक्सेटने घेतली. मात्र डॉक्टरांपुढे नवेच संकट उभे राहिले. मुलाचे रक्त स्वच्छ झालेले असे, ते घरी खेळू लागे आणि काही महिन्यांनी डोके दुखून उलट्या सुरू होत. कर्करोगाच्या पेशी मेंदूच्या आवरणात दडून बसलेल्या असत. रक्त आणि मेंदू यांच्यातील नैसर्गिक अडसर विषारी पदार्थांना जसा रोखतो, तसाच औषधालाही रोखतो. मेंदूकडे लक्ष न दिल्यास निम्म्याहून अधिक मुलांत रोग तेथून उलटत असे. तेव्हा अडसर ओलांडण्याऐवजी त्याला वळसा घालायचे ठरले. औषध थेट मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडायचे! मात्रा अगदी थोडी, तीन वर्षांवरील मुलाला साधारण १२ मिलिग्रॅम. ती वजनावर नव्हे तर वयावर ठरते, कारण हा द्रव तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जवळपास प्रौढांइतका झालेला असतो.

मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६० च्या दशकात या इंजेक्शनांना डोक्यावरील किरणोपचाराची जोड दिली आणि जवळपास निम्मी मुले बरी होऊ लागली. किरणांची किंमत मात्र जबर होती. मुलांची वाढ खुंटे, बुद्धी मंदावे. हळूहळू बहुतेक मुलांसाठी किरणे मागे पडली, पाठीतली सुई टिकली.

मेंदूतील गाठींच्या बाबतीतही हाच पेच होता. तीन वर्षांखालील मुलांच्या कोवळ्या मेंदूवर किरणे सोडणे म्हणजे जीव वाचवून आयुष्य हिरावणे. फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले न्यूरोसर्जन अयुब ओमाया यांनी १९६३ मध्ये टाळूच्या त्वचेखाली बसवायची सिलिकॉनची छोटी कुपी तयार केली होती. तिची नळी मेंदूतील द्रवाच्या पोकळीपर्यंत जाते आणि दर वेळी कण्यात सुई टोचावी लागत नाही. जर्मन डॉक्टरांनी मेड्युलोब्लास्टोमा या गाठीच्या ४३ लहानग्यांवर शस्त्रक्रिया केली आणि नंतर शिरेतून दिलेल्या औषधांबरोबरच अशा कुपीतून मेथोट्रेक्सेट दिले, किरणोपचार टाळले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची गाठ पूर्ण निघाली होती व रोग पसरला नव्हता, त्यांतील बहुतेक मुले वाचली. त्यांची बुद्धिमत्ता निरोगी मुलांपेक्षा कमी, पण पूर्वी किरणोपचार घेतलेल्या मुलांपेक्षा सरस आढळली.