नादेझ्दा दुरोवा

नादेझ्दा आंद्रेयेव्ना दुरोवा (इ.स. १७८३ - इ.स. १८६६) या रशियन घोडदळातील अधिकारी व लेखिका होत्या. पुरुषवेशात भरती होऊन त्या नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत लढल्या.

पूर्वायुष्य

दुरोवांचे वडील हुसार पलटणीत अधिकारी होते. आईला मुलगा हवा होता. या नावडत्या मुलीचे लहानपण एका हुसार सैनिकाच्या देखरेखीखाली, घोडे व शस्त्रे यांच्या सहवासात गेले. इ.स. १८०१ मध्ये त्यांचा विवाह वासिली चेर्नोव याच्याशी झाला व इ.स. १८०३ मध्ये मुलगा झाला. संसार मात्र टिकला नाही. इ.स. १८०६ मध्ये कामा नदीच्या काठी स्वतःचे कपडे टाकून, जणू बुडून मृत्यू झाला असा समज करून देत, त्या आल्किद नावाच्या घोड्यावरून निघून गेल्या. मुलगा मागेच राहिला.

सैनिकी कारकीर्द

इ.स. १८०७ मध्ये सोकोलोव या नावाने त्या भालाईत घोडदळात साध्या शिपाई म्हणून दाखल झाल्या. प्रशियातील मोहिमेत गुटश्टाट येथे त्यांनी शत्रूने घेरलेल्या एका जखमी अधिकाऱ्याचे प्राण वाचविले. घरी पाठविलेल्या पत्रामुळे त्यांचा ठावठिकाणा लागला आणि प्रकरण झार पहिला अलेक्झांडर याच्यापर्यंत गेले. त्यांना घरी धाडण्याचा झारचा विचार होता. परंतु त्यांच्या विनवणीवरून त्याने सेंट जॉर्ज पदक, अधिकारपद आणि स्वतःच्या नावावरून अलेक्झांद्रोव हे आडनाव दिले. यापुढे त्या झारच्या संमतीने, पण पुरुष म्हणूनच, सेवेत राहिल्या. इ.स. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत तोफगोळ्याने पायाला मार बसूनही त्या खोगिरावर टिकून राहिल्या. नंतर काही काळ त्या सेनापती कुतुझोव याच्या तैनातीत होत्या. इ.स. १८१६ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली.

लेखन व अखेर

इ.स. १८३६ मध्ये पुश्किनने त्यांच्या आठवणींतील भाग आपल्या सोव्रेमेन्निक या नियतकालिकात छापला. पराक्रमापेक्षा रात्रीची कूच, थंडी, भूक आणि घोड्यावरच अनावर होणारी झोप यांची वर्णने त्यात अधिक जिवंत आहेत. या आठवणी जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत: दुरोवांनी आपले वय कमी सांगितले असून पती व मुलाचा उल्लेखच टाळला आहे. घर सोडताना त्या सोळा वर्षांची मुलगी नव्हे, तर तेवीस वर्षांची आई होत्या.

उत्तरायुष्य येलाबुगा येथे गेले. तेथेही त्या पुरुषी पोशाख करीत आणि स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी रूपे वापरीत. त्यांचा दफनविधी लष्करी इतमामाने झाला.