विश्लेषण : जॅकी रॉबिन्सन यांचे नाव सुचवणारे वेंडेल स्मिथ कोण होते?

अमेरिकेत दरवर्षी १५ एप्रिलला मेजर लीग बेसबॉलचे सगळे खेळाडू ४२ क्रमांकाची जर्सी घालतात. १९४७ मध्ये याच दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरले आणि लीगमधली अनेक दशकांची वर्णबंदी मोडली. त्यांचे नाव डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांना सुचवणारे होते पत्रकार वेंडेल स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म १९१४ मध्ये डेट्रॉइटचा. तरुणपणी ते चांगले पिचर होते. एक सामना त्यांनी जिंकून दिला, पण करार मिळाला त्यांच्याच संघातल्या गोऱ्या कॅचरला आणि हरलेल्या संघाच्या पिचरला! १९३७ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ साप्ताहिकात रुजू झाले.

गोऱ्या खेळाडूंनाच कृष्णवर्णीय सहकारी नको आहेत, असे तेव्हा संघमालक सांगत. स्मिथ यांनी १९३९ मध्ये थेट खेळाडू आणि मॅनेजरनाच गाठून विचारले. बहुतेकांची हरकत नव्हती. मालकांचा बहाणा उघडा पडला.

१९४७ चा मोसम ते रॉबिन्सन यांच्यासोबत फिरले, तेही डॉजर्सच्या पैशावर. आज यावर हितसंबंधांचा आक्षेप नक्की आला असता. पण अनेक हॉटेलांची दारे दोघांनाही बंद होती. बेसबॉल लेखकांच्या संघटनेने स्मिथ यांना सदस्यत्व दिले ते १९४८ मध्ये, पहिल्या कृष्णवर्णीय सदस्यांपैकी एक म्हणून.

पुढे शिकागोत असताना, १९६१ मध्ये त्यांनी सराव शिबिरांतल्या वेगळ्या निवासव्यवस्थेविरुद्ध लेखणी चालवली.

२४ ऑक्टोबर १९७२ रोजी रॉबिन्सन गेले. कर्करोगाशी झुंजणाऱ्या स्मिथ यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. २६ नोव्हेंबरला स्मिथही गेले.